बेसमेंटमधले आप्पा

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

आज आप्पांना हार घातला. आप्पा म्हणजे आमच्या बेसमेंटमधला, सगळं घर गरम ठेवणारा फर्नेस. सव्वीस वर्षांपूर्वी अमेरिकेत ट्रॉय गावातलं हे घर नवं घेतलं तेव्हा तो घराबरोबरच आला. सुरू होताना आधी खाकरतो, मग जरा वेळ गप्प, मग पेटतो. रत्नाचे थोरले मामा सकाळी उठताना असेच खाकरायचे म्हणे, त्यांना सगळे आप्पा म्हणत, म्हणून याचंही नाव तेच. दर दसऱ्याला ती गाडी, शिवणयंत्र आणि लॅपटॉप यांच्याबरोबर त्यालाही हळदकुंकू लावते. हार मात्र चुंबकानं चिकटवावा लागतो, कारण या आप्पांना गळा नाही.

"यंदाचा शेवटचा हार," मी म्हणालो.

"हं," रत्ना म्हणाली, आणि फुलं सारखी करत बसली.

मार्चमध्ये घर विकायचं आणि नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला जायचं, असं ठरलंय. तिथे आमची मुलगी प्रीता, जावई आणि पाच वर्षांची अनया. गेल्या फेब्रुवारीत ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना मी आडवा झालो, गुडघा दुधी भोपळ्याएवढा सुजला, आणि प्रीतानं फोनवरच निकाल दिला. "बाबा, इनफ. यू गाइज आर मूव्हिंग." मी रत्नाकडे बघितलं. ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." मी म्हटलं, "जाऊ की." झालं. आमच्या घरात मोठे निर्णय असे पटकन होतात. पडदे निवडायला तीन महिने लागतात.

रत्नाचा सगळा जीव अनयात आहे. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर दोघींचं चालू असतं. तिला जायचंय हे सांगायला ज्योतिषी नको.

मला जायचं नाही. हे फक्त इथे लिहितो.

२० ऑक्टोबर, रविवार

रत्ना दिवसभर मागच्या अंगणात लसूण लावत होती. इकडे लसूण थंडीआधी लावतात. तो बर्फाखाली पडून राहतो आणि जुलैत काढायला येतो. मी खिडकीतून बघत होतो, शेवटी राहवेना म्हणून बाहेर गेलो.

"अगं, जुलैत आपण इथे असणार आहोत का?"

"नवीन लोक खातील की."

"त्यांना लसूण चालतो की नाही कुणास ठाऊक."

"मग टाकतील उपटून," असं म्हणाली आणि पाकळ्या टोचत राहिली. चांगले दोन वाफे भरले तिनं. हाताला सवय लागली की हात डोक्याला विचारत नाहीत, दुसरं काय.

३ नोव्हेंबर, रविवार

आज नीलांबरी घर बघायला आली. ती घरं विकते, मूळची नागपूरची, बोलायला भारी गोड. वरचा मजला, अंगण, सगळं बघून झालं आणि बेसमेंटमध्ये आप्पांसमोर येऊन थबकली. हार वाळला होता तरी तसाच होता.

"काका, हा किती जुना आहे?"

"सव्वीस वर्षं."

"ओ माय गॉड. यांची लाइफ पंधरा-वीस वर्षंच असते ना?"

"साधारण तेवढीच. सांभाळला तर पुढेही जातो."

"ओके, पण प्लीज आता नवीन टाकू नका यार. तुम्हाला काहीच बेनिफिट नाही त्याचा. बायरला आपण प्राइसमध्ये ॲडजस्ट करून देऊ. तुम्ही फक्त मार्चपर्यंत याला ओढा."

हिशेब सरळ आहे. नवा फर्नेस घ्यायचा तर तो इथे राहणाऱ्यानं घ्यायचा. जाणाऱ्यानं जुन्यावर भागवायचं. मी मान डोलावली.

रत्नानं तिला दिवाळीच्या चकल्या दिल्या, पण एरवी पाहुण्यांपाशी टेकते तशी टेकली नाही. सिंकपाशी भांडी घासत राहिली. ती सकाळीच घासून झाली होती. मी तसं म्हटलं तर तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी गप चकली खाल्ली.

१७ नोव्हेंबर, रविवार

प्रीताच्या खोलीतला व्हेंट पुन्हा उघडा! मुलं घरातून गेल्यापासून माझा नियम आहे: रिकाम्या खोल्या तापवायच्या नाहीत. आधी प्रीताची खोली, मग मुलगा कुश सिॲटलला गेला तेव्हा त्याची, मग पाहुण्यांची, मग डायनिंग रूम. जमिनीतले गरम हवेचे सगळे व्हेंट मी बंद केले आणि वर चुंबकाची झाकणंही टाकली. आपल्या लोकांना हे सांगावं लागत नाही. आमच्या मंडळातल्या निम्म्या घरांत हेच आहे.

पण मी लावतो आणि रत्ना उघडते. आज दुपारी वर गेलो तर ती प्रीताच्या जुन्या टेबलाशी बसलेली, पायांशी व्हेंट सताड उघडा. पुढ्यात रविवारच्या मराठी शाळेचे कागद पसरलेले. ती चौथीला शिकवते.

"काय करतेस?"

"पुढच्या वर्षीचा अभ्यासक्रम लावतेय."

"पुढच्या वर्षी कोण घेणार आहे चौथी?"

"बघू," ती म्हणाली. "तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढू नका उगाच. कॅरीला बरं, थंडी नाही."

माझ्या गुडघ्याचं नाव पुढे करते आणि स्वतःची ओढ त्यामागे लपवते. एवढं मला कळतं. पण नव्या शिक्षिकेसाठी सगळं तयार करून ठेवतेय, हे मात्र रत्नाच करू जाणे. मला कौतुक वाटलं. व्हेंट लावून खाली आलो.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

थँक्सगिव्हिंगला प्रीता आणि अनया आल्यात. जावयाला हॉस्पिटलची ड्यूटी होती. घरात पुन्हा दणदण पावलं वाजतात. सगळे व्हेंट उघडले, अगदी डायनिंग रूमचेसुद्धा, आणि आप्पा कसे अगदी गुण्यागोविंदानं चाललेत.

अनयाला त्यांना भेटायचं होतं. बेसमेंटमध्ये मी तिला कडेवर घेऊन उभा राहिलो. आप्पा खाकरले तशी ती माझ्या मानेत घुसली, मग हळूच म्हणाली, "आजोबा, इज ही सिक?" म्हटलं, नाही गं, म्हातारा आहे. "लाइक यू?" हो, माझ्यासारखा. तिनं लांबूनच त्याला बाय केलं.

आज सकाळी स्वयंपाकघरात शिरलो तर आई-मुलीचं बोलणं एकदम थांबलं. रत्ना पोळ्या लाटत होती आणि तिचं नाक लाल होतं. कांदा चिरला असेल. नंतर प्रीता मला बाहेर चालायला घेऊन गेली.

"बाबा, आर यू शुअर? अबाउट मूव्हिंग?"

"शंभर टक्के. आईला अनया हवी."

"अँड यू?"

"मी काय, आई तिथे मी."

तिनं माझ्या कोटाची चेन वर ओढली. मग म्हणाली, "यू टू शुड टॉक." आमच्या संसाराला त्रेचाळीस वर्षं झाली, अजून काय बोलायचं राहिलंय? ही मुलं अमेरिकेत वाढली, यांना प्रत्येक गोष्टीवर बसून बोलायचं असतं.

१६ डिसेंबर, सोमवार

आप्पा आज मध्येच विझले. पंखा चालू, ज्योत बंद, व्हेंटमधून गार हवा. थोड्या वेळानं आपोआप पेटले. आत एक सुरक्षेचं बटण असतं. फार तापलं की ते गॅस तोडतं. फिल्टर तुंबला असणार म्हणून नवा घातला.

रत्ना इडलीचं पीठ फर्नेसच्या शेजारी आंबवायला ठेवते. जिन्यावर उभी राहून म्हणाली, "पीठ आज उतू गेलंय. आप्पांना ताप आहे."

६ जानेवारी, सोमवार

पुन्हा विझले. नवा फिल्टर असूनही. थंडी वाढलीय, प्रीता-अनया गेल्यावर मी व्हेंट पुन्हा लावून टाकलेत.

"तुम्ही घरातली सगळी तोंडं बंद केलीत," रत्ना म्हणाली. "आप्पांनी श्वास सोडायचा कुठे?"

तिला म्हटलं, बाईसाहेब, मी तीस वर्षं गाड्यांच्या एक्झॉस्टचं टेस्टिंग केलं. लोखंड तापवायचं, गार करायचं, पुन्हा तापवायचं, आणि कधी तडकतं ते बघायचं, हीच माझी भाकरी होती. उष्णतेचं मला सांगू नकोस.

"बरं," ती म्हणाली. तिचं 'बरं' म्हणजे वाद संपला, आणि ती जिंकली.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

रत्नाच्या हळदीकुंकवाला बायका आल्या होत्या, मी बेसमेंटमध्ये हद्दपार. वर हसण्याचा गलका चालला होता. कुणीतरी विचारलं, "रत्नाताई, पुढच्या वर्षी तुमच्याशिवाय कसं व्हायचं?" मी कान टवकारले. रत्ना काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. नेमके त्याच वेळी आप्पा खाकरले.

खाली खुर्ची टाकून बसलो होतो, तेव्हा मनात आलं ते लिहून टाकतो. हे घर मला सोडवत नाही. प्रीता-कुश इथे मोठे झाले. समोरचा मेपल मी लावलेला आहे. रस्त्यावरच्या प्रत्येक घरात कोण आजारी आहे आणि कुणाचा कुत्रा चावतो हे मला माहीत आहे. कॅरीला मी प्रीताच्या गेस्ट रूममधला म्हातारा होणार.

पण मी बोलणार नाही. सांगलीहून नोकरीसाठी मी इकडे आलो तेव्हा रत्ना तिथे शाळेत शिकवत होती. पक्की नोकरी, आई-वडील हाकेच्या अंतरावर. ती सगळं सोडून माझ्यामागे आली आणि एका शब्दानं कुरकुरली नाही. आता तिला नातीपाशी जायचंय. या वेळी मागून जाण्याची पाळी माझी.

वर आलो तर तिनं तिळाची वडी माझ्या तोंडात घातली आणि म्हणाली, "एवढे गोड का बघताय?" मी म्हटलं, गूळ फार झालाय.

२० जानेवारी, सोमवार

बाहेर अशी थंडी की दाराची कडी हाताला चिकटते. आप्पा सकाळपासून चारदा विझले. दुपारी टॉर्च घेऊन खाली गेलो, पुढचं झाकण काढलं आणि ज्योतीसमोर बसलो.

आत एक पत्र्याची पेटी असते. तिच्या आतून जाळ जातो आणि बाहेरून घराची हवा. दोघांची गाठ कधी पडायची नाही. पंखा सुरू होण्याआधी ज्योती निळ्या, सरळ, शहाण्यासारख्या होत्या. पंखा सुरू झाला आणि त्यातली एक आडवी झाली, पिवळी झाली, फडफडली. पुन्हा बंद करून बघितलं. पुन्हा तेच.

पंख्याची हवा ज्योतीला लागते म्हणजे पत्रा तडकलाय. आज हवा आत जाते, उद्या विषारी धूर घरात येईल. नोकरीत असा भाग दिसला की मी एका सेकंदात मशीन थांबवायचो, आणि कुणाच्या बापाचं ऐकायचो नाही. आजही नाही ऐकलं. गॅसचा कॉक फिरवला, वीज तोडली. विषारी वायूचा अलार्म दोनदा तपासला, आकडा शून्य होता. रत्नाला वर हाक मारून विचारलं, डोकं दुखतंय का, गरगरतंय का? "तुमच्या ओरडण्यानं दुखतंय," ती म्हणाली. जीव भांड्यात पडला.

मग तिथेच पायरीवर बसून राहिलो. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ते बेसमेंट इतकं शांत ऐकलं. वय तर झालंच होतं, पण हा तडा लवकर आणला मी. व्हेंट बंद करकरून त्याची हवा कोंडली आणि तो आतल्या आत तापत राहिला. ज्या चुकीसाठी मी हाताखालच्या पोरांना मीटिंगमध्ये धारेवर धरलं असतं, ती मी स्वतःच्या घरात वर्षानुवर्षं केली, आणि तीही काटकसर म्हणून.

रत्ना माकडटोपी घालून खाली आली. मी सगळं सांगितलं. व्हेंटचंही. ती 'मी म्हटलं होतं' म्हणाली नाही. आप्पांच्या पत्र्यावर हात ठेवून उभी राहिली. अजून कोमट होता.

"आता?" ती म्हणाली.

"आता काय. प्रीता म्हणतेच आहे लवकर या. नळाचं पाणी काढून टाकू, घर बंद करू, नीलांबरीला सांगू आहे तसं विक. या आठवड्यातच निघू."

"या आठवड्यात," ती म्हणाली. मग वर गेली.

आज एकाच खोलीत, दोन जुने विजेचे हीटर लावून, घरातल्या सगळ्या रजया अंगावर घेऊन बसलोय. रत्ना व्हिडिओ कॉलवर अनयाशीही दोनच मिनिटं बोलली. थंडीनं असेल.

२१ जानेवारी, मंगळवार

हे नीट लिहायला हवं.

सकाळी प्रीतानं तिकिटं बघितली. गुरुवारी दुपारची मिळत होती. रत्ना म्हणाली, "तिला म्हणावं जरा थांब. तुम्ही आधी आणखी एक हीटर आणा, पाइप गोठतील." म्हणून मी दुकानात गेलो. सगळ्या ट्रॉयला आजच हीटर हवा होता, त्यामुळे वेळ लागला. परत आलो तर दारात एका हीटिंग कंपनीची व्हॅन.

बेसमेंटमध्ये रत्ना माकडटोपीतच उभी होती आणि एक दांडगा, लाल दाढीवाला माणूस टेपनं आप्पांची मापं घेत होता. ब्रायन असं नाव सांगितलं त्यानं.

"कुणी बोलावलं यांना?" मी मराठीत विचारलं.

"मी."

"अगं, घर विकायचंय ना आपल्याला? नीलांबरी काय म्हणाली?"

"तुम्हाला विकायचंय," रत्ना म्हणाली. आवाज कापत होता, आणि तो थंडीनं नव्हे, एवढं माझ्यासारख्यालाही कळलं. "मी एकदाही म्हटलं नाही. तुम्ही पडलात, प्रीता घाबरली, तुम्ही लगेच हो म्हणालात. मला वाटलं, यांना आता इथे भीती वाटते, बर्फाची, पडण्याची. मग मी कशाला अडवू?"

"मला? मला वाटलं तुला अनया..."

"अनयाला भेटायला विमान आहे. मी तिथे राहून काय करू? दुपारी सगळे गेल्यावर कुणाशी बोलू? इथे माझी शाळा आहे, माझ्या बायका आहेत. एकदा सगळं सोडून आले ना मी, अहो. तेव्हा तरुण होते. आता पुन्हा नाही जमायचं. काल तुम्ही 'या आठवड्यातच' म्हणालात आणि मला रात्रभर झोप नाही."

मी हीटरचा खोका हातात धरून उभा. ब्रायन बिचारा आप्पांच्या मागे काहीतरी फार महत्त्वाचं बघत होता.

"मलाही नाही जायचं," मी म्हणालो. एवढंच बोलता आलं. तीन महिने या वहीत पानं भरली, आणि जिला सांगायचं तिला सांगायला पाच सेकंद लागले.

रत्नानं माझ्याकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. "आणि मी ऑक्टोबरात दोन वाफे लसूण काय तुमच्या नवीन लोकांसाठी लावला?"

मग ब्रायननं घसा साफ केला. दोन प्रकारचे फर्नेस आहेत म्हणाला. एक साधा, एक जास्त कार्यक्षम. दुसऱ्याची किंमत वसूल व्हायला वर्षं लागतात. म्हणून तो सगळ्यांना एक प्रश्न विचारतो.

"हाउ मेनी मोअर इयर्स डू यू फोक्स प्लॅन टू लिव्ह हिअर?"

मी तोंड उघडलं. मी एकाहत्तर, रत्ना सदुसष्ट. सरासरी आयुष्य, तिच्या वडिलांचा इतिहास, माझा रक्तदाब, सगळं डोक्यात उभं राहिलं. यंत्राच्या भागांचं आयुर्मान काढण्यात माझी हयात गेली. मी म्हणणार होतो, पाच, फार तर सात.

रत्नानं त्यालाच उलट विचारलं, "हाउ मेनी इयर्स विल युवर मशीन रन?"

"एटीन. ट्वेंटी, इफ यू टेक केअर ऑफ इट."

"देन दॅट मेनी," रत्ना म्हणाली.

ब्रायन हसला आणि त्यानं जास्त कार्यक्षम असलेल्याचं नाव लिहून घेतलं. मी म्हणायला गेलो की अठरा म्हणजे सरासरी, निम्मे त्याच्या आधीच... तर रत्नानं माकडटोपीतून असे डोळे केले की माझं टेस्टिंग तिथेच थांबलं. मला समोरचं नीट दिसेना. हीटर कुठे लावू असं काहीतरी पुटपुटत मी वर आलो.

उद्या सकाळी ते बसवायला येणार आहेत.

प्रीताला फोन मीच केला. तिकिटं काढू नकोस म्हटलं, नवा फर्नेस घेतोय, बर्फ काढायला माणूस लावू, सुट्टीत तुम्हीच या. मला वाटलं ती चिडेल. ती हसायला लागली. "फायनली! बाबा, आईनं थँक्सगिव्हिंगलाच मला सांगितलं होतं, पण मेड मी प्रॉमिस." म्हणजे मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. मग तिनं काय काय झालं ते सगळं सविस्तर विचारलं, आणि मी ब्रायनच्या प्रश्नापर्यंत सांगत आलो. रत्नाचं उत्तर सांगितलं.

"डिड आई क्राय?"

"छे."

"बाबा, डिड यू?"

मी फोन रत्नाकडे दिला.